दुपारपाळीची एकच प्रत

सगुणा वाहने यांचं 'दुपारपाळी' प्रसिद्ध झालं तेव्हा ते प्रसिद्ध झालंय हे जेमतेम चाळीसेक माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली निम्मी लेखिकेच्या नात्यातली होती.

यात यामिनी खोब्रागडेचा काही दोष नव्हता. नागपुरात इंदोऱ्याच्या दोन खोल्यांत तिचं पळसफूल प्रकाशन कित्येक वर्षं चालू होतं. वर्षाला पाच-सहा पुस्तकं, पण ज्यांना दुसऱ्या कोणी छापलं नसतं अशी. पूर्वी नवं पुस्तक आलं की ती वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना प्रती पाठवायची. 'नवी पुस्तके' या सदरात चार ओळी यायच्या, दुकानदार पुस्तक दर्शनी फळीवर उभं करायचे आणि हळूहळू का होईना, बातमी पसरायची. आता पुरवण्या उरल्या नव्हत्या. जी दुकानं उरली होती त्यांच्या दर्शनी फळीवर खेळणी होती. नव्या पुस्तकाची बातमी कळायची ती एकाच ठिकाणी, सोबतीवर.

सोबती दिसायला अगदी साधा. दोन पोस्टकार्डं शेजारी ठेवावीत एवढं, हातात किंचित वाकणारं एकच पान. कोपरा चिमटीत धरून उलटल्यासारखं केलं की अक्षरं विरघळायची आणि पुढचा मजकूर उमटायचा. खरी करामत त्याच्या कडेला होती.

वाचताना माणसाचा डोळा ओळीवरून सरकत नाही, तो उड्या मारतो. एका शब्दावर सेकंदाचा पाव भाग थांबतो, पुढच्यावर झेप घेतो, अडलं तर मागे येतो. भीती वाटली, लाज वाटली, राग आला की बाहुली किंचित मोठी होते, बोटांच्या टोकांना नकळत ओल येते, नाडीचा ठेका बदलतो. प्रयोगशाळांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. सोबतीच्या कडेतले संवेदक हे सगळं टिपायचे, आणि हा वाचक आणखी किती वाक्यांनी पुस्तक खाली ठेवील याचा अंदाज बांधायचे. अंदाज बहुधा बरोबर निघायचा. मग कोणाच्या तरी डोक्यात पुढची पायरी आली. माणूस जे पान वाचतोय त्याला हात लावायचा नाही, पण जे त्याने अजून उलटलंच नाही ते त्याच्यासाठी नव्याने लिहायचं. अवघड शब्द सोपा करायचा, लांबलेलं वर्णन आखडतं घ्यायचं. भाषा शिकलेलं यंत्र हे काम पापणी लवायच्या आत करायचं, तेही लेखकाच्याच शैलीत. सांधा कुठे दिसायचा नाही.

लोक पुन्हा वाचू लागले, हे मात्र खरं. ज्यांनी शाळा सुटल्यावर पुस्तक हातात धरलं नव्हतं ते महिन्याला दोन-तीन पुस्तकं संपवू लागले. सोबतीवरची 'नवी पुस्तके'ची यादीही ज्याची त्याला वेगळी दिसायची. मुखपृष्ठ वेगळं, ओळख करून देणाऱ्या चार ओळीही वेगळ्या. जे प्रकाशक त्या यादीत नव्हते, ते नव्हतेच.

यामिनी त्या यादीत नव्हती.

*

एका सकाळी शिशिर देवतळे आला. शिशिरने पळसफुलात दहा वर्षं काढली होती. मुखपृष्ठं तोच करायचा, जाहिरातीच्या ओळी तोच लिहायचा, प्रदर्शनात स्टॉलवर उभा राहून गिऱ्हाइकाच्या हातात पुस्तक तोच ठेवायचा. पुढे पुण्याच्या सोबतीवाल्या कंपनीने त्याला बोलावून घेतलं, आणि यामिनीने त्याला अडवलं नाही. त्याला दोन लहान मुलं होती.

"ताई, दुपारपाळी वाचलं," तो बसायच्या आधीच म्हणाला. "छापील प्रत. रात्रभर झोप नाही आली. हे पुस्तक कपाटात सडायला नको."

"मग काय करू? रिक्षाला भोंगा लावून फिरू?"

"आमच्या यादीत दे. मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या पाचांत बसवतो. मराठीतली छोट्या प्रकाशनाची पहिली जागा. माझा शब्द."

'दुपारपाळी' हे सगुणाबाईंचं एकुलतं एक पुस्तक. चांदुऱ्याच्या धर्मादाय रुग्णालयात त्या तीस वर्षं नर्स होत्या, आणि सगळा तालुका त्यांना वाहने सिस्टर म्हणायचा. ज्या मे महिन्यात विदर्भाचा पारा पन्नाशीला टेकला, त्या महिन्यातल्या एका दुपारची ही हकिकत. शहराची वीज गेली होती. जनरेटर एकच होता. त्यावर जनरल वॉर्डाचे कूलर चालवायचे की नव्या खाजगी विभागाचे एसी, हे ठरवायची वेळ आली. अधीक्षक डॉक्टर पद्माकर चिंचाळकर यांनी ठरवलं. संध्याकाळपर्यंत जनरल वॉर्डातली अकरा माणसं गेली. कागदावर उष्माघात लागला, चौकशी झाली नाही, पुढे डॉक्टरही वारले. सिस्टरने निवृत्त झाल्यावर एकेका खाटेबद्दल लिहून काढलं. ते सगळं पुस्तक वाचून यामिनीने एकाच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती, आणि ती पण बदल सुचवायला नव्हे: 'चिंचाळकर डॉक्टरांनी वॉर्डाची लाइन बंद करायला सांगितली तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते.'

शिशिरने करार पुढे केला. त्यात 'लवचीक मजकूर' असं एक कलम होतं.

"म्हणजे?"

"शब्द सोपे होतात, ताई. 'सलाइन' कोणाला कळत नसेल तर एखादं वाक्य जास्तीचं. बाकी पुस्तक सिस्टरचंच. आणि छापील पुस्तकाचे हक्क तुझ्याकडेच राहतील. कंपनीला त्यांची गरज नाही."

यामिनीने चांदुऱ्याला फोन लावला. सिस्टर पासष्टीच्या पुढे होत्या, गुडघे गेले होते, आवाज मात्र वॉर्डातलाच होता. "लोकं वाचतीन ना?" एवढंच त्यांनी विचारलं. "मग देऊन टाक."

*

लोकांनी वाचलं. महिन्याभरात 'दुपारपाळी' गावोगाव पोचलं. सिस्टरला फोन येऊ लागले, शाळांत बोलावणी झाली. यामिनी खूश होती, आणि थोडी चक्रावलेलीही. इतक्या जळजळीत पुस्तकाबद्दल एकाही वाचकाने तिला रागाचं पत्र पाठवलं नव्हतं. सगळे म्हणायचे, किती धीर देणारं पुस्तक.

चांदुऱ्याच्या सार्वजनिक वाचनालयाने सिस्टरचा सत्कार ठेवला. सभागृह भरलं. खिडक्यांतही माणसं होती. भाषणं झाली, शाल-नारळ झालं, आणि मग मागच्या रांगेतून एक बाई पुढे आल्या. पन्नाशीच्या, हातात सोबती, पदर डोक्यावर घट्ट.

"मी कमल नंदेश्वर," त्या म्हणाल्या. "माहे घरचे, भाऊराव, सहा नंबरच्या खाटेवर होते."

सिस्टर खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"मले त्या दिवशी कोणी आत येऊ देलं नाही. आठ वर्षं झाली सिस्टर, मी एकच विचार करून राहिली होती, की माणूस एकटा गेला असंन का. तुमचं पुस्तक वाचलं अन् मी पयल्यांदा झोपली." त्यांनी पान वर धरलं आणि हळू, अडखळत वाचलं. "'भाऊरावांचा हात माझ्या हातात होता. ते म्हणाले, कमलला सांगा, मला काही त्रास नाही. मग त्यांनी शांतपणे डोळे मिटले.'" त्या वाकून सिस्टरच्या पाया पडल्या. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. यामिनीने सिस्टरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे मी लिहिलं नाही," सिस्टर म्हणाल्या. माइक तोंडासमोरच होता. टाळ्या थांबल्या. "मी हे लिहिलंच नाही, बाई."

गोंधळ उडाला. एक शिक्षक उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या प्रतीत तर सहा नंबरची खाट नाहीच. कोणी म्हणालं, एकूण चारच माणसं दगावली ना? वीज मंडळात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाच्या प्रतीत शहराची वीज गेलीच नव्हती, जनरेटर बिघडला होता. सोबतीवर पुन्हा वाचायला घेतलं तरी ज्याला त्याला त्याचीच प्रत दिसायची, म्हणून आजवर कोणाला काही कळलं नव्हतं. आता माणसं खुर्च्या ओढून एकमेकांच्या पानांत डोकावू लागली. एकाच गावातली, एकाच दुपारबद्दलची, एकाच बाईच्या नावावरची ती शे-दीडशे पुस्तकं होती.

कमलबाई मंचापाशी तशाच उभ्या होत्या. "मग खरं काय आहे?" त्यांनी विचारलं.

सिस्टरने यामिनीकडे पाहिलं. यामिनीच्या पिशवीत छापील प्रत होती. तिने ती काढली, पण पुढे केली नाही. भरल्या सभागृहात ते पान त्या बाईच्या हातात ठेवायची तिची छाती झाली नाही.

कमलबाईंनी ते पुस्तक पाहिलं आणि सगळं ओळखलं. "असं आहे तर," त्या म्हणाल्या. "माहा नवरा तुम्ही दोनदा मारला." आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या.

*

यामिनी दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेली. शिशिरने तिला काचेच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. तिने कपाला हात लावला नाही.

"शब्द सोपे होतात म्हणाला होतास."

"सुरुवातीला तेवढंच होतं." त्याने समोरच्या पडद्यावर एक आलेख आणला. निळी रेघ सपाट चालली होती, मध्येच उसळी मारत होती. "ही कमलबाईंची नाडी. इथे त्यांनी आपल्या नवऱ्याचं नाव वाचलं. इथे बोटांना घाम फुटला. यंत्राने ओळखलं की पुढच्या पानावर त्या पुस्तक खाली ठेवणार. पुन्हा कधीच उचलणार नाहीत."

"ठेवू द्यायचं होतं."

"ताई, यंत्राला खरं-खोटं कळत नाही. माणूस वाचत राहिला पाहिजे एवढंच त्याला शिकवलंय. कोण वाचतंय, कुठे राहतो, काय करतो, ते खात्यावरून समजतं. ज्याला जे टोचतं ते यंत्र बोथट करतं. ज्याचा दोष असेल त्याच्या प्रतीत तो दुसऱ्याकडे सरकतो. कोणी मुद्दाम करत नाही."

"चिंचाळकरांच्या घरात कोणी वाचलंय?"

शिशिरने पडद्यावरचा आलेख बंद केला. मग म्हणाला, "मुलाने. मंदार चिंचाळकर. त्याच्या प्रतीत डॉक्टर स्वतः जाऊन वॉर्डाची लाइन जोडतात. शेवटपर्यंत वाचलं त्याने. छापील असतं तर वडिलांचं नाव येताच फेकून दिलं असतं, ताई."

"फेकलं असतं तर त्याला माहीत तरी असतं की काय फेकलं. शिशिर, पुस्तक खाली ठेवायचा हक्क वाचकाचा आहे. तुझ्या यंत्राने तोच काढून घेतला."

"आणि कमलबाई पहिल्यांदा झोपल्या, त्याचं काय?"

 "ते मला माहीत नाही. पण ती झोप त्यांना न विचारता दिलेली होती. वॉर्डात असं कोणी न सांगता औषध टोचलं असतं तर सिस्टरने त्याचा हात धरला असता."

तिने यादीतून पुस्तक काढून घ्यायचा अर्ज केला. पळसफूल पुन्हा कोणाच्याच यादीत उरलं नाही.

*

छापील हक्क कंपनीने तिच्याकडे ठेवले होते ते किंमत शून्य म्हणून. यामिनीने त्याच हक्कांवर नवी आवृत्ती काढली. मुखपृष्ठावर चित्र नव्हतं, फक्त नाव, आणि खाली एक ओळ: 'ही प्रत सर्वांना सारखी आहे.' जाहिरातही तिने स्वतःच बेतली. दर आठवड्याला पुस्तकातलं एक अख्खं पान पोस्टरच्या आकारात छापायचं आणि भिंतीवर लावायचं. बसस्थानक, कॉलेजचं फाटक, दवाखान्यासमोरची टपरी, जिथे कोणी हाकलणार नाही तिथे. दोन अनोळखी माणसं शेजारी उभी राहून एकच वाक्य वाचतायत, हे दृश्य लोकांना इतकं नवं झालं होतं की त्याचीच बातमी झाली. कंपनीने नोटीस पाठवली. यामिनीने ती पण मोठी करून छापली आणि पोस्टरांशेजारी लावली.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर नेहमीसारखे पुस्तकांचे स्टॉल लागले. गावोगावहून आलेली माणसं शिदोरीच्या पिशवीत पुस्तकं भरून नेतात, ही रीत सोबतीलाही मोडता आली नव्हती. पळसफुलाच्या स्टॉलला मांडवाच्या उंचीचं पान एकशे बारा टांगलं होतं. घड्याळाकडे बघणाऱ्या डॉक्टरांचं पान. सिस्टर खुर्ची टाकून त्याखाली बसल्या होत्या, आणि येणारा प्रत्येक जण जयभीम करून आधी पान वाचत होता, मग पुस्तकाकडे वळत होता.

दुपारी तिशीतला एक माणूस गर्दीतून आला. इस्त्रीचा शर्ट, घामाने भिजलेला. त्याने पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग हात वर करून ते मधोमध फाडलं.

"माझ्या वडिलांबद्दल खोटं लिहिता? मी हे पुस्तक वाचलंय! तुमचंच! त्यात असं काही नाही!"

 दोन-तीन तरुण पुढे सरसावले. यामिनीने त्यांना हाताने थांबवलं, टेबलाखालून पोस्टरची दुसरी सुरळी काढली आणि स्टुलावर चढून त्याच जागी टांगली.

"तुम्ही मंदार चिंचाळकर," ती उतरत म्हणाली. "हे पुस्तक तुम्ही अजून वाचलेलं नाही." तिने एक प्रत त्याच्यापुढे धरली.

त्याने ती घेतली नाही. "कोर्टात भेटू," तो म्हणाला.

*

मृत वडिलांच्या बदनामीची फिर्याद नागपूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभी राहिली. आरोपी पहिली सगुणा वाहने, दुसरी यामिनी खोब्रागडे. तारखेच्या आठवडाभर आधी शिशिर इंदोऱ्याला आला तेव्हा सिस्टर तिथेच होत्या.

"तडजोड आणलीय," तो म्हणाला. "मंदार फिर्याद मागे घ्यायला तयार आहे. फक्त नाव काढा. 'चिंचाळकर डॉक्टर'च्या जागी 'एक डॉक्टर'. तेवढाच एक शब्द, ताई. आणि कंपनीतर्फे पळसफुलाच्या सगळ्या पुस्तकांना वर्षभर यादीत वरची जागा."

"कंपनीला एवढी काळजी कशाची?"

"आमचा मजकूर कोर्टात निघायला नको आहे."

यामिनीने बाजूच्या दाराकडे पाहिलं. बाजूच्या खोलीत सहा नव्या लेखकांची हस्तलिखितं पडून होती, आणि त्यांना छापायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. एका शब्दाच्या बदल्यात सहा पुस्तकं. तिने सिस्टरकडे पाहिलं. "पुस्तक तुमचं आहे, सिस्टर. खटला हरलो तर तुरुंगात जायची पाळीही आधी तुमच्यावर येईल."

"नाव काढलं तर तो कोणीही होते," सिस्टर म्हणाल्या. "अन् कोणीही म्हणजे कोणीच नाही. मी त्या अकरा जणांची नावं लिहिली. एकाचंच काहून पुसू?"

"ऐकलंस?" यामिनीने शिशिरला विचारलं. "माझंही हेच उत्तर. चहा घेऊन जा."

कोर्टात गर्दी मावत नव्हती. मंदारच्या वकिलाने पहिल्याच झटक्यात मंदारचा सोबती काढला; पुस्तक यादीतून गेलं तरी वाचलेली प्रत त्यात राहिली होती. "याच लेखिकेच्या याच पुस्तकात," तो म्हणाला, "असं लिहिलंय: 'डॉक्टरांनी स्वतः वॉर्डाची लाइन जोडली.' आणि छापील प्रतीत उलट. बाई स्वतःच दोन गोष्टी सांगतात. यातली खोटी कोणती?"

सिस्टर पिंजऱ्यात कठड्याला धरून उभ्या होत्या. आयुष्यात न लिहिलेलं वाक्य आज त्यांचीच साक्ष म्हणून त्यांच्यावर उलटलं होतं.  यामिनीचा वकील गजभिये उठला आणि त्याने एकच मागणी केली. सोबतीवरची अधिकृत प्रत कंपनीने सादर करावी.

कंपनीतर्फे शिशिर उभा होता. काय बोलायचं ते त्याला लिहून दिलेलं होतं. कागद त्याच्या हातात दिसत होता. त्याने त्याची घडी केली आणि खिशात ठेवली.

"अधिकृत प्रत नाही," तो म्हणाला. "जितके वाचक तितक्या प्रती आहेत. फिर्यादींनी दाखवलेलं वाक्य सिस्टरने लिहिलेलं नाही. ते यंत्राने फक्त फिर्यादींसाठी लिहिलं, कारण त्यांना तसं वाचायचं होतं. सिस्टरने लिहिलेलं पुस्तक एकच आहे. ते यामिनीताईंनी छापलंय."

हे बोलताना त्याची नोकरी गेली, हे त्यालाही कळलं होतं. मंदार मान वळवून त्याच्याकडे बघत राहिला.

न्यायदंडाधिकारी बाई मध्यमवयाच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला. "एक गोष्ट मला नोंदवून ठेवली पाहिजे," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक मी सोबतीवर वाचलेलं आहे. मला ते फार आवडलं होतं." त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "माझ्या प्रतीत शेवटी खटला चालतो आणि दोषी माणसाला न्यायालय शिक्षा करतं."

कोर्टात कोणी हसलं नाही.

"खटला उभाच राह्यला नाही, बाईसाहेब," सिस्टर म्हणाल्या.  "आमच्याकडे कोणी विचारायलेच आलं नाही."

पुढे व्हायचं ते रीतसर झालं. बाईंनी तो खटला आपल्यापुढे चालू नये असं वरिष्ठांना कळवलं, तो दुसऱ्या कोर्टात गेला, दोन वर्षं रेंगाळला आणि शेवटी फिर्याद फेटाळली गेली. लवचीक मजकुराखाली मूळ मजकूर दाखवायची सक्ती व्हावी म्हणून वेगळा अर्ज झाला, तो अजून लढला जातोय. शिशिर पळसफुलात परतला नाही, त्याने अमरावतीला स्वतःचं छोटं प्रकाशन काढलं. यामिनीने त्या सहांपैकी दोन पुस्तकं काढली, बाकीच्या चौघांना वाट पाहायला सांगितलं. पण तिला कोणी या प्रकरणाबद्दल विचारलं तर ती निकालाचं सांगत नाही, त्या दुपारचं सांगते. कारण खटला सोडण्याआधी बाईंनी एक आदेश दिला: आक्षेपार्ह मजकूर कोणता ते ठरायचं असेल तर छापील पुस्तक लेखिकेने भर कोर्टात वाचून दाखवावं, आणि ते शब्द न शब्द नोंदलं जावं.

"पान एकशे बारापासून?" लेखनिकाने विचारलं.

मागच्या बाकावरून एक बाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घट्ट. त्या आलेल्या आहेत हे यामिनीला तोवर दिसलं नव्हतं.

"साहेब," कमल नंदेश्वर म्हणाल्या, "माह्या घरच्यांपासून सुरू करा. सहा नंबरपासून. मी अजून ऐकलं नाही."

मंदारचा वकील हरकत घ्यायला उठला. मंदारही उठला, बहुधा बाहेर जाण्यासाठी. "बसा," न्यायदंडाधिकारी बाई म्हणाल्या. "फिर्याद तुमची आहे." दोघेही बसले.

सिस्टरने चष्मा पुसला, पान शोधलं, आणि वॉर्डातल्या त्या जुन्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'खाट नंबर सहा. भाऊराव नंदेश्वर, वय बावन्न. ते पाणी मागत होते. नळाला येत होतं ते उकळतं होतं. मी नऊ नंबरच्या मुलीपाशी होते. मी परत आले तेव्हा ते गेले होते. किती वेळापूर्वी, ते मला माहीत नाही. त्यांच्यापाशी कोणी नव्हतं.'"

कमलबाई उभ्याच होत्या. त्यांनी बसायला दिलेली जागा घेतली नाही, डोळेही पुसले नाहीत.

"वाचा पुढे," त्या म्हणाल्या.